रेडवूडचं जंगल आणि समुद्र एकाच दिवसात: पुरिसिमा क्रीक, हाफ मून बे

रानवाट

उन्हाळा आला की सान फ्रान्सिस्कोच्या बे एरियात घरोघरी आई-बाबा नाहीतर साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) मुक्कामाला असतात, आणि प्रत्येक गटगला (गेट-टुगेदरला) एकच प्रश्न निघतो: गुडघे सांभाळून चालता येईल, पण जंगलात मनसोक्त चालल्याचं समाधानही मिळेल अशी रेडवूडची (कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या उंचच उंच झाडांची) जागा कुठली? म्युअर वूड्स सगळ्यांना ठाऊक असतं. मी मात्र विचारणाऱ्यांना पुरिसिमा क्रीकला पाठवते. तेही वरून, स्कायलाइन रस्त्याच्या बाजूने नाही. खालून, हाफ मून बेच्या बाजूने. आणि जंगल झालं की गाडी घराकडे न वळवता समुद्रावर न्यायची.

कारण असं, की ज्या ओढ्याच्या काठाने आपण सकाळी चालतो तोच ओढा काही मैलांवर कड्यावरून पुळणीवर पडतो आणि समुद्राला मिळतो. आणि समुद्रावरून जे धुकं उलट वर चढतं, त्याच्या आधाराने ही झाडं कोरडा उन्हाळा काढतात. दोन्ही बाजू एका दिवसात पायाखालून गेल्या की रेडवूड नेमके याच पट्ट्यात का, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जायचं कसं: हायवे ९२ ने हाफ मून बेला उतरा, हायवे १ वर दक्षिणेला वळा, गाव संपता संपता डावीकडे हिगिन्स कॅनियन रोड लागतो. जवळच टेकाडावर एकटं उभं असलेलं पांढरं लाकडी घर दिसेल. ते जॉन्स्टन हाउस, १८५० च्या दशकातलं. तिथून साधारण साडेचार मैल अरुंद, वळणाचा रस्ता, दोन्हीकडे शेतं आणि कुरणं. गाडी लावायची जागा अगदी छोटी आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोहोचा. शुल्क नाही. स्वच्छतागृह आहे, पिण्याचं पाणी नाही. कुत्र्यांना परवानगी नाही. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

फाटकातून आत गेल्यावर काही मिनिटांतच उजेड बदलतो. वाट ओढ्याला धरून जाते, रुंद आहे, पायाखाली मऊ माती आणि रेडवूडच्या वाळक्या पानांचा थर. चढ आहे, पण पहिले दोनेक मैल इतका हलका की बोलत बोलत चालता येतं. ग्रॅबटाऊन गल्चचा (घळीचा) फाटा, मग सोडा गल्चचा फाटा. त्यानंतर मात्र वाट चढाला लागते आणि स्कायलाइनपर्यंत एकूण चार मैलांत सुमारे १६०० फूट चढते. ज्येनांबरोबर (ज्येष्ठ नागरिकांबरोबर) असाल तर त्या चढाच्या वाटेला जाऊच नका. जिथे पाय "बास" म्हणतील तिथून मागे फिरा, परतीची वाट उताराची आहे. वरच्या बाजूने आलात तर याच्या उलट होतं: जाताना उतार, आणि दमलेल्या पायांनी परतीचा चढ. म्हणून खालूनच सुरुवात करा.

समुद्रासाठी काउएल रँच बीचचं पार्किंग हायवे १ वरच आहे, हाफ मून बेच्या थोडं दक्षिणेला. तिथून काउएल-पुरिसिमा ही कड्यावरची सपाट वाट निघते. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. पुरिसिमा ओढ्याचं मुख या वाटेच्या दक्षिणेकडच्या भागात आहे. पूर्ण वाट रोज खुली नसते, फलकावर वेळ बघून घ्या.

आणि सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे: हवामानाच्या अ‍ॅपवर "किनाऱ्यावर धुकं" दिसलं म्हणून बेत रद्द करू नका. जून-जुलैत कित्येक जण हेच करतात आणि मग लख्ख उन्हाचा दिवस बघून जातात. उन्हात जंगल सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. पण धुक्यात ते काम करताना दिसतं. बाहेर पाऊस नसतो, आभाळातून एक थेंब पडत नसतो, आणि झाडाखाली मात्र टप टप चालू असते. झाडाच्या बुंध्यापाशी माती ओली आणि चार पावलांवर उघड्या जागेत कोरडी, हे बोटांनी चाचपून बघता येतं.

निवडुंग

छान माहिती. वाखु (वाचनखूण) साठवली.

तरीही म्युअर वूड्सची बाजू मांडतो. वॉकर घेऊन चालणारे किंवा व्हीलचेअरवर असणारे कुणी बरोबर असतील तर तिथे पर्याय नाही. लाकडी फळ्यांची आणि डांबरी सपाट वाट, बसायला बाक, माहितीचे फलक. आणि झाडं मूळची, कधीच न तोडलेली. तिथलं सगळ्यात उंच झाड २५८ फुटांच्या आसपास आहे.

ते कसं वाचलं तेही आई-बाबांना जरूर सांगा. विल्यम केंट आणि एलिझाबेथ केंट या जोडप्याने १९०५ मध्ये ६११ एकर जागा ४५,००० डॉलरला विकत घेतली. पुढे पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीला तिथे धरण बांधायचं होतं आणि जमीन सक्तीने ताब्यात जायची वेळ आली. तेव्हा केंटनी त्यातली २९५ एकर सरळ केंद्र सरकारला देऊन टाकली आणि ९ जानेवारी १९०८ ला थिओडोर रूझवेल्टनी ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. स्वतःचं नाव द्यायला केंटनी नकार दिला, निसर्गलेखक जॉन म्युअरचं नाव सुचवलं. १९ मे १९४५ ला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सान फ्रान्सिस्कोत जमलेले प्रतिनिधी फ्रँकलिन रूझवेल्टना आदरांजली वाहायला याच जंगलातल्या कथीड्रल ग्रोव्हमध्ये आले होते. माझे वडील त्या पाटीपाशी बराच वेळ उभे होते.

२०१८ पासून गाडी लावायला किंवा शटलसाठी आधी आरक्षण लागतं हे विसरू नका. तिथे पोहोचल्यावर फोन चालत नाही, त्यामुळे आरक्षणाची पावती आधीच उतरवून घ्या. आणि समुद्र हवाच असेल तर म्युअर बीच तीनेक मैलांवर आहे.

सागरगोटी

पुरिसिमाला मी गेलेय, जागा शांत आहे. पण एक स्पष्ट सांगायला हवं, तिथली बहुतेक झाडं दुसऱ्या फेरीची आहेत. मूळ जंगल एकोणिसाव्या शतकातच तोडलं गेलं. भारतातून आलेल्या माणसाला आयुष्यात एकदाच रेडवूड दाखवायचे असतील तर मूळ जंगलच दाखवावं असं मला वाटतं.

रानवाट

@निवडुंग, व्हीलचेअरबद्दल पूर्ण अनुमोदन. पुरिसिमालाही स्कायलाइनच्या बाजूला रेडवूड ट्रेल म्हणून पाव मैलाची व्हीलचेअर जाईल अशी वाट आहे, शेवटी टेबलं-बाकडी आहेत. फक्त तिथून समुद्र लांब पडतो.

@सागरगोटी, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि तरीही मी पुरिसिमालाच पाठवीन. तिथे जे झालं ते लपवलेलं नाही, वाटेच्या कडेलाच आहे. सोन्याच्या शोधात माणसं आली, सान फ्रान्सिस्को वाढलं, आणि घरांना, छपरांना लागणारं लाकूड या डोंगरांतून गेलं. पुरिसिमाच्या घळीत लाकूड कापायच्या गिरण्या होत्या. बोर्डन हॅच मिल, ग्रॅबटाऊन ही वाटांची नावं त्याच काळातली. घळ एवढी अरुंद आणि उभी की मोठे ओंडके बाहेर काढणं कठीण, म्हणून छपराच्या लाकडी फळ्या तिथेच पाडून नेत.

वाटेत जुने बुंधे दिसतात. जवळ जाऊन बघा: जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आडव्या खाचा असतात. बुंधा खाली फार रुंद, म्हणून लाकूडतोडे खाचेत फळी बसवून तिच्यावर उभे राहत आणि वरून झाड कापत. त्या खाचा अजून कोरीव आहेत, लाकूड कुजलेलं नाही. आणि त्याच बुंध्याभोवती गोल धरून पाच-सहा झाडं उभी असतात, शंभर फुटांच्या वर गेलेली. ती बियांपासून आलेली नाहीत, तोडलेल्या झाडाच्या बुडातून फुटलेली आहेत. मूळ तेच. म्हणजे वर दिसतं ते झाड शंभर-सव्वाशे वर्षांचं, पण जमिनीखालचं फार जुनं. मूळ जंगलात फिरताना हे बघायला मिळत नाही. मला स्वतःला हा भाग म्युअर वूड्सपेक्षा जास्त भिडतो.

हे सगळं १९८० च्या दशकात राखीव झालं. सेव्ह द रेडवूड्स लीग या संस्थेने दिलेल्या देणगीचा त्यात मोठा वाटा होता. आता मिडपेनिन्सुला ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट ही सार्वजनिक संस्था सांभाळते.

आंबेहळद

एक बाळबोध शंका. सिकोया नॅशनल पार्कमध्ये बघितलेली अवाढव्य झाडं आणि ही एकच का? आणि आपल्या हिमालयातल्या देवदाराशी यांचं काही नातं आहे का? बाबा नक्की विचारणार.

हिरवाचाफा

बाळबोध अजिबात नाही.

दोन्ही वेगळी. सिकोया पार्कमधली जायंट सिकोया, सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावरची, बर्फात राहणारी. घेर आणि वजन तिचं जास्त. आपण बोलतोय ते कोस्ट रेडवूड, सिकोया सेम्परव्हायरन्स: दक्षिणेला बिग सरपासून उत्तरेला ऑरेगनच्या सीमेच्या जरा पलीकडे, सुमारे ४५० मैल लांब आणि अरुंद किनारपट्टीत. उंचीत याला तोड नाही. हायपेरियन नावाचं झाड २००६ मध्ये सापडलं, ११५ मीटरच्या वर. तिथे लोकांनी इतकी पायमल्ली केली की २०२२ मध्ये पार्कने तो भाग बंद केला. गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

देवदार हा सेडार, पाइनच्या कुळातला. रेडवूड सायप्रसच्या कुळातले. जवळचं नातं नाही.

बाबांना दाखवण्यासारख्या गोष्टी सांगते. वाटेवर पडलेली शंकू-फळं उचलून बघू द्या (घरी न्यायची नाहीत): जगातल्या सगळ्यात उंच झाडाचं फळ जेमतेम इंचभर, आणि आतलं बी टोमॅटोच्या बीएवढं. साल हाताने दाबून बघा, तंतुमय आणि मऊसर लागते. जुन्या झाडाची साल एक फूट जाडीची असू शकते, तिच्यात टॅनिन भरपूर आणि राळ जवळपास नाही, म्हणून वणव्यात ही झाडं तगतात. मुळं खोल जात नाहीत, सहा ते बारा फूट, पण शंभर फुटांपर्यंत आडवी पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वाट सोडून बुंध्याभोवती चालू नका म्हणतात ते याचसाठी, माती दाबली गेली की वरची मुळं गुदमरतात.

आणि खाली जमिनीवर बघा! तीन पानांची हिरवीगार गादी पसरलेली असते. ती आपल्या आंबुशीची सख्खी बहीण, दोन्ही ऑक्सॅलिस. इथली पानं मोठी. दाट सावलीत पूर्ण उघडी असतात, पण झाडांमधून उन्हाची तिरीप थेट पडली की काही मिनिटांत पानं मिटून खाली लोंबतात. तिरीप पुढे सरकली की पुन्हा उघडतात. एखाद्या बाकावर बसून आईला हे बघायला सांगा. माझ्या आईने लहानपणी आंबुशीची चटणी खाल्लेली, तिला त्या जंगलात ओळखीचं काहीतरी भेटल्याचा एवढा आनंद झाला की पुढच्या उंच झाडांकडे तिचं लक्षच नव्हतं.

खारावारा

रानवाट यांनी धुक्याबद्दल लिहिलंय त्याला जोड देतो.

वसंतापासून उन्हाळ्यात इथे वायव्येकडून वारे वाहतात. ते आणि पृथ्वीचं फिरणं मिळून किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा त्या थंड पाण्यावर आली की तिच्यातली वाफ थंडावून तिचे थेंब होतात. तिकडे आतल्या खोऱ्यात ऊन तापतं, हवा वर जाते, आणि ती जागा भरायला समुद्रावरची हवा धुक्यासकट घळींमधून आत ओढली जाते. म्हणून फ्रिमाँट-सॅन होजेत अंगाची लाही होत असते तेव्हा हाफ मून बेला स्वेटर लागतो.

बर्कली विद्यापीठाचे संशोधक टॉड डॉसन यांनी उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवूड जंगलात मोजमाप करून १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं, की तिथल्या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ३४ टक्के धुक्याच्या ठिबकण्यातून आलं होतं. शिवाय पानं ते पाणी थेट शोषूनही घेतात. शेंड्यापाशी याला फार महत्त्व आहे, कारण मुळातलं पाणी शंभर मीटर वर खेचणं झाडाला जड जातं. त्याच कारणाने शेंड्याकडची पानं बारीक, खवल्यांसारखी असतात आणि खालच्या फांद्यांची चपटी, पसरट. वादळात तुटून पडलेली वरची डहाळी दिसली तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, एकाच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

झाड नसेल तर हे धुकं तसंच वरून निघून जातं. जिथे रेडवूड तोडले तिथे त्या जमिनीला मिळणारं उन्हाळ्याचं पाणीही गेलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कवडसा

सुंदर धागा. सुरक्षिततेचं थोडं लिहिते, कारण पाहुण्यांना या गोष्टी माहीत नसतात.

पॉयझन ओक. तीन-तीन पानांचा झुबका, कडा ओकसारख्या नागमोडी, शरदात लालभडक. आईला एका वाक्यात कळेल: हा आपल्या बिब्ब्याच्या कुळातला. (आंबाही त्याच कुळातला, चीक लागून तोंड येतं ते त्यामुळेच.) बिब्बा उततो तसंच हे उततं, खाज आणि पुरळ, आणि कधी दोन दिवसांनी. वाटेच्या मधोमध चाला, पूर्ण बाह्या घाला, शंका आली तर लगेच साबणाने धुवा. रेडवूडच्या दाट सावलीत कमी असतो, कडेच्या उजेडात आणि किनाऱ्याकडच्या झुडपांत जास्त. परत आल्यावर गोचिड्यांसाठी घोटे-मांड्या तपासा.

समुद्राचं त्याहून गंभीर. आपल्याकडे दापोली-गुहागरला पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहायची सवय असते. इथे ते करू नका. बराच वेळ लाटा शांत असतात आणि अचानक एक मोठी लाट खूप वरपर्यंत येते, माणसाला पाडते आणि ओढून नेते. पाणी उन्हाळ्यातही इतकं गार की पोहता येणाराही काही मिनिटांत गळपटतो. लाटांकडे पाठ करून फोटो काढू नका, ओल्या वाळूत बसू नका. आणि कड्याच्या टोकाशी जाऊ नका, तो दगड नाही, ठिसूळ माती आहे.

गाडीत पिशव्या दिसतील अशा ठेवू नका.

सागरगोटी

@रानवाट, बुंध्यांबद्दल लिहिलंत ते पटलं. पुढच्या वेळी त्या नजरेने बघेन. मत मात्र अजून तेच आहे, एकदाच जाणाऱ्याने मूळ जंगल बघावं.

झुळूक

हा धागा वाचून आम्ही जाऊन आलो. साबु ७४ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, साबा काटक. बरोबर सात वर्षांची लेक. सकाळी निघालो तेव्हा ९२ च्या घाटात गाडीचे दिवे लावावे लागले इतकं धुकं, आणि साबा म्हणाल्या, "अगं, काही दिसणार तरी का?" धाग्यावर विश्वास ठेवून पुढे गेलो.

पार्किंगमध्ये एकच जागा शिल्लक होती. साबुंनी दोन काठ्या घेतल्या आणि सुरुवातीच्या पुलावर थांबून पाण्याचा आवाज ऐकत उभे राहिले. टपटप खरंच चालू होती. लेकीने एक जाकीट उतरवून उघड्या वाटेवर ठेवलं आणि दुसरं झाडाखाली, कोणतं आधी भिजतं बघायला. झाडाखालचं भिजलं.

तिला सगळ्यात आवडली ती बनाना स्लग. बिनशंखाची गोगलगाय, पिवळीधमक, माझ्या तळहातापेक्षा लांब, एका पडलेल्या फांदीवरून निघाली होती. आम्ही सगळे उकिडवे बसून बघत होतो. डोक्यावरची चार शिंगं, दोन लांब दोन आखूड. लेक बोट जवळ न्यायची, शिंग आत जायचं, थोड्या वेळाने हळूच बाहेर. उजव्या अंगाला एक छिद्र उघडझाप करताना दिसलं, त्यातून ती श्वास घेते. आमच्या मागून आलेल्या एका आजोबांनी सांगितलं की हात लावू नका, तिची त्वचा नाजूक असते आणि बुळबुळीत पदार्थाने जीभ-ओठ बधिर होतात. सांताक्रूझच्या विद्यापीठाचं हेच बोधचिन्ह आहे म्हणे. साबु खूश झाले.

ग्रॅबटाऊनच्या फाट्यापर्यंत गेलो आणि फिरलो. साबुंना आणखी जायचं होतं, आम्ही नको म्हणालो.

मग काउएल रँच. तिथे वारा एवढा की दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत बसून खाल्ली. दुपारी धुकं पाण्यापर्यंत मागे सरलं आणि खाली खडकांवर सील पसरलेले दिसले. साबुंनी विचारलं, सकाळचा ओढा कुठे? दक्षिणेला बोट दाखवलं, पण एवढं चालणं झेपण्यासारखं नव्हतं. त्यांनी हिगिन्स कॅनियनची दिशा विचारून घेतली आणि ते धुकं कुठून कुठे जातंय ते बघत बराच वेळ उभे राहिले.

प्रश्न: सकाळी जंगलात बसून खायला चालतं का? आम्ही भीत भीत फक्त पाणी प्यायलो.

रानवाट

@झुळूक, किती छान लिहिलंत! जाकिटांचा प्रयोग मी पुढच्या वेळी मुलांकडून करून घेणार.

खायला चालतं, पण एक कण मागे ठेवायचा नाही. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. मार्बल्ड मर्लेट नावाचा छोटा समुद्रपक्षी आहे. दिवसभर समुद्रात मासे पकडतो, आणि अंडं घालायला कितीतरी मैल आत येऊन जुन्या उंच झाडाच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर बसतो. घरटं असं नाहीच, एक खोलगट जागा आणि एकच अंडं. तो कुठे अंडी घालतो हे पक्षीतज्ज्ञांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. १९७४ मध्ये बिग बेसिन या रेडवूडच्या पार्कमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला पिल्लू सापडलं तेव्हा उलगडा झाला. आता तो धोक्यात आहे. माणसाच्या खाण्याला सोकावून स्टेलर्स जे हे निळे पक्षी आणि डोमकावळे वाढतात, आणि तेच मर्लेटची अंडी-पिल्लं खातात. बाकाखाली सांडलेला चिवडा त्या पक्ष्यापर्यंत असा पोहोचतो. म्हणून डबा उघडायचा तर मांडीवर पंचा पसरून, आणि उठताना तो झटकायचा नाही, गुंडाळून न्यायचा.

निवडुंग

मर्लेटबद्दल पहिल्यांदाच वाचलं. जंगल आणि समुद्र दोन्ही लागणारा पक्षी.

गावठाण

आम्ही पोर्टलंडला असतो, त्यामुळे उत्तरेकडचं सांगतो. हातात तीन दिवस असतील तर उत्तर कॅलिफोर्नियातल्या ऑरिक गावाच्या बाजूला जा. रेडवूड नॅशनल पार्क १९६८ चं, आणि बाजूची स्टेट पार्क्स मिळून १९८० पासून जागतिक वारसा. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हची दीड मैलाची सपाट फेरी ज्येनांना सहज जमते, मूळ जंगल, आणि धुकं बऱ्याचदा झाडांच्या कमरेला असतं. फर्न कॅनियन म्हणजे समुद्राजवळची घळ, दोन्हीकडे पन्नासेक फूट उभ्या भिंती आणि त्या पूर्ण नेच्यांनी झाकलेल्या. खाली पाण्यातून चालावं लागतं, ज्येनांना पाय घसरण्याची भीती आहे. १५ मे ते १५ सप्टेंबर गाडीसाठी आधी परवाना काढावा लागतो. गोल्ड ब्लफ्स बीचवर रूझवेल्ट एल्क या मोठ्या हरणांचे कळप दिसतात, लांबूनच बघा.

ही युरोक या मूळ रहिवाशांची भूमी. रेडवूडच्या एका ओंडक्यातून कोरलेल्या होड्या ते आजही बनवतात, आणि क्लॅमथ नदीवर त्या होड्यांतून पाहुण्यांना फिरवतात. आम्ही बसलो होतो. वल्हवणाऱ्या मुलाने सांगितलं की होडीत मधोमध हृदय म्हणून एक उंचवटा कोरलेला असतो, कारण त्यांच्या लेखी होडी जिवंत आहे. त्यानंतर जंगलात फिरताना प्रत्येक पडलेल्या खोडाकडे वेगळं बघितलं गेलं.

आंबेहळद

बिग बेसिनचं काय? १५ वर्षांपूर्वी गेलो होतो, आता सगळं जळालं असं ऐकलं.

खारावारा

जळालं हे खरं, संपलं हे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विजांमुळे लागलेल्या वणव्यात पार्कचा ९७ टक्के भाग होरपळला. १९०२ मध्ये स्थापन झालेलं कॅलिफोर्नियाचं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. जुनं मुख्यालय, तंबूंची जागा सगळं गेलं. पण जुने रेडवूड बहुतांश उभे आहेत. खोड कोळशासारखं काळं, आणि त्याच्या सालीतूनच बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवी पालवी फुटलेली. सालीखाली शतकानुशतकं निजलेले डोळे (पालवी फुटायच्या जागा) असतात, ते आगीनंतर जागे होतात, आणि पानं नसताना झाड त्यांना कित्येक दशकांपूर्वी साठवलेलं अन्न पुरवतं. जुलै २०२२ पासून पार्क मर्यादित स्वरूपात खुलं आहे. गाडीसाठी आधी आरक्षण केलेलं बरं. रेडवूड लूपची छोटी सपाट फेरी करा. सावली पूर्वीसारखी नाही, टोपी आणि पाणी न्या.

कवडसा

@रानवाट, आमचे आई-बाबा सप्टेंबरअखेर येतायत. तेव्हा धुकं नसणार. पुरिसिमा तरी न्यावं का?

रानवाट

नक्की न्या. सप्टेंबर-ऑक्टोबर हा किनाऱ्यावरचा सगळ्यात स्वच्छ काळ, समुद्र निळा दिसतो. ओढ्याला पाणी कमी असेल. फक्त ऑक्टोबरमध्ये हाफ मून बेची भोपळ्यांची जत्रा असते, त्या शनिवार-रविवारी ९२ वर गाड्या तासन् तास अडकतात. शिवाय भोपळ्यांच्या शेतांमुळे पूर्ण महिना सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. आठवड्याच्या मधला दिवस धरा. आणि ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहणार असतील तर पावसानंतर पुन्हा एकदा जा: ओढा भरून वाहतो, ट्रिलियमची तीन पाकळ्यांची फुलं येतात, स्लग पावलापावलावर. मोठ्या पावसानंतर झाडं पडून किंवा दरड येऊन वाट बंद असू शकते, तेव्हा निघण्याआधी ओपन स्पेस डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या.